लिफ्ट एकदा तरी फिरायला हवी

आमच्या कोल्ड फोर्क गावात माणसं दोनच कारणांवरून एकमेकांशी बोलणं टाकतात. एक, शेताचं कुंपण. दोन, स्कीचा पास. हार्लन ऑस्बीचं कुंपण इतकं सरळ होतं की कोणाला बोट ठेवायला जागा नव्हती. त्यामुळे त्याच्या घरात जे झालं ते पासावरूनच व्हायचं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या नाताळात त्याच्या मुलाने, टेटने, त्याला अल्टिमाचा पास भेट दिला. टेट तेव्हा नुकताच कोलोरॅडोला अल्टिमा कंपनीत लागला होता. अल्टिमाचा एक पास घेतला की देशातल्या सगळ्या बड्या डोंगरांवर हिवाळाभर मनसोक्त स्की करता येतं. तिथल्या, माणसांना तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या खुर्च्या बुडाखालून गरम होतात आणि कॉफी आणून देणारा माणूस तुमचं नाव विचारतो. हार्लनने तो पास उलटापालटा करून पाहिला, आभार मानले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच प्लास्टिकच्या पासाने गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडला.

"छान चालतो," तो म्हणाला.

टेट शेजारीच उभा होता. तेव्हापासून बापलेक एकमेकांशी फक्त हवामानावर बोलत, आणि तेही सिग्नेमार्फत.

सिग्ने ही हार्लनची मुलगी. आठवडाभर गुरांच्या डॉक्टरकडे कामाला, आणि शनिवार-रविवार बॅजर हिल या गावच्या टेकडीवर लिफ्ट चालवायला. दोन्हीकडे हट्टी प्राण्यांना गोड बोलून योग्य जागी उभं करायचं असतं, त्यामुळे तिला नोकरी बदलल्यासारखं कधी वाटलंच नाही. पण या दोन प्राण्यांपुढे तिने तीन वर्षं हात टेकले होते. आता मात्र थांबून चालणार नव्हतं. मार्चमध्ये हार्लनचा गुडघा बदलायचा होता. त्यानंतर स्की करता येईल का, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाला होता, "बघू." हार्लन स्वतः आयुष्यभर मुलांना 'बघू' म्हणत आला होता, त्यामुळे त्याचा अर्थ त्याला नीट माहीत होता.

म्हणून सिग्नेने ठरवलं की या हिवाळ्यात पुन्हा एकदा सहल काढायची. तिच्या लहानपणी दरवर्षी निघायची तशी. व्हॅनमध्ये स्की कोंबायच्या, या डोंगरावरून त्या डोंगरावर जायचं, मोटेलच्या हीटरवर ओले मोजे वाळत घालायचे आणि खोलीभर त्या वासात झोपायचं. तिघांनी. एकाच व्हॅनमधून.

सप्टेंबर उजाडला. पास घ्यायचे ते सप्टेंबरात, गवत हिरवं असताना. बर्फ पडल्यावर पास घ्यायला निघालेल्या माणसाकडे आमच्याकडे लोक असे बघतात, जणू तो अक्षता पडल्यावर मुलगी बघायला आलाय. सिग्नेने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला. मोठ्या डोंगरांवर सॉसच्या बाटल्या ठेवल्या, छोट्यांवर अक्रोड.

"अल्टिमा घेतला तर वाटेत पाच मोठे डोंगर मिळतात," ती म्हणाली. "टेटला घरच्यांसाठी फुकट आहे."

"माझ्याकडे आहे एक. काचेसाठी."

"डॅड."

"पुढे बोल ना. मी कुठे अडवलंय?"

"नाहीतर प्रत्येक ठिकाणी रोजचं रोज तिकीट काढायचं."

हार्लनने चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "त्यापेक्षा व्हॅनच विकू. म्हणजे कुठे जायचं हा प्रश्नच राहणार नाही."

"मग राहिला आपला बॅजर."

बॅजर हिल म्हणजे गावाच्या मालकीची एक टेकडी आणि तिच्यावर एक लिफ्ट. एका खुर्चीत दोन माणसं, आणि ती खुर्ची इतकी सावकाश चढते की वर पोचेपर्यंत माणसाला स्वतःच्या आयुष्याबद्दल विचार सुचू लागतात. पण बॅजरचा पास दिसतो तेवढा गरीब नाही. तीन राज्यांतल्या असल्याच कडक्या टेकड्यांनी आपसात ठरवून घेतलंय की एकीचा पासवाला दुसरीकडे गेला तर त्याला तीन दिवस फुकट खेळू द्यायचं. परिस्थिती बेताची असलेले नातेवाईक कसे सुट्टीत एकमेकांच्या घरी राहून हौस भागवतात, तशातला प्रकार. नकाशावरचे सगळे अक्रोड एका पासात येत होते.

"टेटलाही बॅजरचा घ्यावा लागेल," सिग्ने म्हणाली.

हार्लन खिडकीबाहेर बघत राहिला. मग त्याने खिडकीला विचारलं, "घेईल?"

रात्री सिग्नेने टेटला फोन लावला.

"मी अल्टिमाचा माणूस आहे, सिग," टेट म्हणाला. "माझ्या खिशात बॅजर हिलचा पास? ऑफिसात कळलं तर काय करतील माहितीये?"

"काय करतील?"

"हसतील."

"हसू दे."

"डॅडने सांगितलंय का घ्यायला?"

"विचारलंय."

"काय विचारलंय?"

"'घेईल?'"

"बस? एवढंच?"

"तीन वर्षांनी एक अख्खा शब्द आलाय, टेट. तुला काय भाषण हवंय?"

टेटने आढेवेढे घेत घेत सवलतीतल्या विक्रीच्या शेवटच्या संध्याकाळी पास घेतला, पण एका अटीवर. सहलीतला एक दिवस अल्टिमाच्या डोंगरावर गेला पाहिजे. हार्लनने अट मान्य केली, पण त्याचीही एक अट होती. त्या दिवशी तो खाली गाडीतळावर व्हॅनमध्ये बसून सॅंडविच खाईल आणि कोणीही त्याची समजूत काढायला यायचं नाही. सिग्नेने दोन्ही अटी मान्य केल्या. जानेवारीअखेरचा रविवार निघायला ठरला.

आणि मग बर्फ पडलाच नाही.

नोव्हेंबर कोरडा गेला, तेव्हा लोक म्हणाले, होतं असं कधीकधी. डिसेंबर कोरडा गेला, तेव्हा लोकांनी म्हणायचं सोडून दिलं. जानेवारीत बॅजर हिलवर पिवळं गवत होतं आणि त्यावर शेजारच्या गाई चरत होत्या. बाकीच्या टेकड्या उंचावर असल्यामुळे त्यांच्याकडे थोडाफार बर्फ होता. तेव्हा सहलीला धोका नाही, असं सिग्ने समजत होती. गुरुवारी टेट कोलोरॅडोहून येऊन पोचला आणि पाठोपाठ डोडी किमेल दारात उभी राहिली. डोडी बॅजर हिलची व्यवस्थापक. तिकीट विकणारीही तीच, आणि खालच्या लाकडी खोपटात राजम्याची चिली शिजवणारीही तीच.

"तुम्ही रविवारी निघताय म्हणे," डोडी म्हणाली. "पण तुमचे पास चालणार नाहीत. ऑस्बी नियम."

टेटने सिग्नेकडे पाहिलं. "आपल्या नावाचा नियम आहे?"

होता. काही वर्षांपूर्वी आयडाहोतल्या एका टेकडीने आपली लिफ्ट भंगारात विकली, पण पास विकणं चालूच ठेवलं. तिचे पासवाले पाहुणे म्हणून सगळीकडे जात होते, आणि त्यांच्या घरी मात्र कोणी जाऊ शकत नव्हतं, कारण घरच नव्हतं. तेव्हा सगळ्या टेकड्यांच्या बैठकीत बॅजरच्या वतीने गेलेला हार्लन उठून उभा राहिला आणि त्याने ठराव मांडला. ज्या टेकडीची लिफ्ट त्या हिवाळ्यात एकदाही फिरली नाही आणि जिच्यावरून कोणी स्की घालून खाली आलं नाही, तिचा पास इतर कुठेही चालू नये. टाळ्या पडल्या. जानेवारीअखेर बॅजरवर गवत असेल, ही शंका त्या सभागृहात एकालाही आली नव्हती. हार्लनला तर मुळीच नाही.

"चांगला नियम आहे," हार्लन आता म्हणाला. पण आवाज जरा पडला होता.

डोडी गेली. तिघंजण टेबलाशी बसले. हरणाचं सॉसेज मधे वाफाळत होतं आणि कोणी हात लावत नव्हतं.

"सिग, डॅडला सांग," टेट म्हणाला, "की आम्ही कृत्रिम बर्फ करतो. तोफा असतात त्याच्या."

"तुझ्या भावाला सांग, आमच्याकडे तोफ नाही. पाणीही नाही. गाई आहेत."

"डॅडला सांग, मी गाई बघितल्यात."

"तुम्ही दोघं एकाच बशीतला मोहरीचा सॉस खाताय," सिग्ने म्हणाली. "मी उठून जाऊ का? म्हणजे बघू काय होतं."

मग टेटने सॉसेज उचललं, आणि चावता चावता तो थांबला.

"हॉकीच्या रिंकमागे तो ढीग अजून असतो?" त्याने विचारलं. कोणाला विचारलं ते कळेना, कारण तो मिठाच्या बरणीकडे बघत होता.

ढीग होता. रिंकमध्ये, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या बंदिस्त मैदानात, रोज यंत्राने बर्फाचा वरचा थर तासतात आणि तो भुगा मागे इमारतीच्या सावलीत नेऊन टाकतात. कोल्ड फोर्कची माणसं स्कीइतकीच हॉकीवेडी, त्यामुळे तो ढीग एव्हाना घराएवढा झाला होता. मैदानावरच्या लाल रेघांचा रंग त्यात मिसळून तो गुलाबी दिसत होता.

हार्लन खुर्चीतून उठला. "तुझ्या भावाला सांग," तो म्हणाला, "की डोकं चांगलं चालवलं." आणि कोट चढवून बाहेर गेला.

शुक्रवारी अख्खं गाव कामाला लागलं. सहलीला जाणारे तीनच होते. पण बॅजरची लिफ्ट एकदा फिरली की सगळ्यांचेच पास जिवंत होणार होते, त्यामुळे देशभक्तीला तोटा नव्हता. पिकअप भरभरून गुलाबी बर्फ टेकडीवर जाऊ लागला. चर्चच्या उत्तरेकडच्या छपरावरून खरवडून थोडा पांढरा मिळाला. पण नेलेला बर्फ उतारावर सारखा पसरायचा कसा? फावड्याने ते व्हायला एप्रिल उजाडला असता. तेव्हा हार्लनने आपलं शेणखत पसरवायचं यंत्र काढलं. ट्रॅक्टरमागे जोडायचं, मागच्या बाजूने खत फवाऱ्यासारखं उडतं.

"धुतलंय ना?" टेटने विचारलं. आणि थेट बापालाच विचारलं. सिग्ने तेव्हा दुसऱ्या ट्रॅक्टरवर होती.

"धुतलंय," हार्लन म्हणाला. थोडा विचार करून म्हणाला, "बऱ्यापैकी."

संध्याकाळपर्यंत बॅजर हिलवर वरपासून निम्म्यापर्यंत एक पट्टा तयार झाला. रंग गुलाबी, मधे मधे तपकिरी, रुंदी जेवणाच्या टेबलाएवढी. मग गवत. मग अगदी खाली लिफ्टपाशी पुन्हा थोडा बर्फ. डोडीने कमरेवर हात ठेवून ते सगळं निरखलं.

"नियमात 'स्की घालून खाली आलं पाहिजे' असं आहे," ती म्हणाली. "मधे स्की काढून चालत येऊ नये, असं कुठे म्हटलेलं नाही."

"नाहीच म्हटलेलं," हार्लन म्हणाला. "मीच सांगतोय ना."

शनिवारी सकाळी आभाळ निळंशार होतं आणि वाऱ्याची झुळूकही नव्हती. बॅजर हिलवर पहिल्यांदाच लिफ्टपाशी रांग लागली. माणसं हेल्मेट घालून, स्की खांद्यावर टाकून गवतात उभी होती आणि गाई कुंपणापलीकडून बघत होत्या. सिग्ने आपल्या छोट्या केबिनमध्ये बसली. समोर हिरवं बटण, लाल बटण, आणि डिझेल इंजिनाचा दांडा.

डोडी एका बादलीवर चढली. "पहिली खुर्ची!" तिने आरोळी ठोकली.

बॅजरची पहिली खुर्ची ठरलेली असते. हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यात जुना पासवाला आणि सगळ्यात नवा, म्हणजे सगळ्यात शेवटी पास घेतलेला, शेजारी शेजारी बसून वर जातात. आजवर व्हायचं ते असं, की हार्लन एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला कोणाचं तरी शेंबडं कार्टं, जे वर पोचेपर्यंत रडायचं आणि हार्लन त्याला खिशातलं चॉकलेट द्यायचा. पण या वर्षी सवलतीतल्या विक्रीच्या शेवटच्या संध्याकाळी एकानेच पास घेतला होता, आणि त्यानंतर असल्या कोरड्या आभाळाखाली कोण घेतोय?

रांगेतल्या सगळ्या माना टेटकडे वळल्या. हार्लनने आभाळाकडे पाहिलं. आभाळात काही नव्हतं.

"चॉकलेट मिळेल का?" टेटने विचारलं. लोक हसले. हार्लन हसला नाही, पण सरकून त्याने जागा केली.

खुर्ची मागून आली, दोघांना गुडघ्यांत ढुशी देऊन तिने उचललं आणि गवतावरून वर निघाली. सिग्ने बघत राहिली. दोन पाठी, मधे वीतभर अंतर, दोघांची तोंडं दोन दिशांना. खुर्ची अर्ध्यावर, सहाव्या खांबापाशी पोचली, तेवढ्यात इंजिनाने दोनदा खोकून दम तोडला.

असं नेहमीच होतं. सिग्नेने दांडा ओढायचा, हिरवं बटण दाबायचं, की मिनिटाच्या आत लिफ्ट पुन्हा चालू. सिग्नेने दांडा ओढला. इंजिन सुरू झालं. तिने बोट हिरव्या बटणावर ठेवलं, वर पाहिलं, आणि बोट काढून घेतलं. मग डब्यातून सॅंडविच काढलं.

डोडी केबिनच्या खिडकीशी आली. "का गं, चालू होत नाही?"

"गरम झालंय."

"एवढ्या थंडीत?"

"मग थंड झालंय."

डोडीने वर पाहिलं. दोन माणसं खुर्चीत लोंबत होती. "हो," ती म्हणाली, "बरंच थंड झालेलं दिसतंय. मी सगळ्यांना चिली वाढते." आणि गेली.

आता, वारा नसला की बॅजर हिलवर वरचं बोलणं खाली पडतं. सहाव्या खांबापाशी कोणी बोललं की खाली लिफ्टपाशी शेजाऱ्याच्या तोंडून ऐकावं तसं ऐकू येतं. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. फक्त वर बसलेल्या दोघांना या घडीला आठवत नव्हतं.

"थंडी आहे," वरून हार्लनचा आवाज आला.

"आहे," टेट म्हणाला.

"पण बर्फ नाही."

"नाही."

खाली रांगेने एकजात मान हलवली. हवामान संपलं होतं. आता पुढे काय?

"तुमच्याकडे अशा वेळी खुर्ची गरम होते ना?" हार्लनने विचारलं.

"होते."

"बरं वाटत असेल."

"खरं सांगू? घाम येतो."

मग हार्लन म्हणाला, "जेवायला काय मिळतं वर?"

"बर्गर. अठ्ठावीस डॉलरला."

"अठ्ठावीस!" हार्लन इतका जोरात ओरडला की गाईंनी कान टवकारले. "अरे, मग तू खातोस काय? म्हणून वाळलायस! सिग्नेला मी म्हणत होतो, पोरगं वाळलंय."

"मी डबा नेतो, डॅड."

"रोज?"

"रोज."

"काय असतं?"

"हरणाचं सॉसेज. तू सिगमार्फत पाठवतोस ते."

खाली कोणीतरी चिलीचा चमचा वाडग्यात आपटू नये म्हणून हातात धरून उभं राहिलं.

"तो पास," टेट म्हणाला. "मी पगारातून घेतला होता तो. कंपनीने फुकट नव्हता दिला. पहिल्या वर्षी देत नाहीत."

खाली लोकांनी आपापल्या बुटांच्या बकलांकडे बघायला सुरुवात केली.

"मला कसं कळणार ते?" हार्लन म्हणाला. "मला वाटलं, तू मला दाखवतोयस, की बघ, माझा डोंगर केवढा. आणि मग मी तो वापरला, तर बॅजर इतका लहान दिसायला लागेल, की... जाऊ दे. अजून आहे गाडीत. रोज वापरतो. एक कोपरा झिजलाय फक्त."

"टाकला नाहीस?"

"तू दिलेला कसा टाकीन?"

सिग्नेच्या हातातलं सॅंडविच तसंच राहिलं होतं.

"गुडघ्याची भीती वाटते का रे, डॅड?"

"सुईची वाटते. गुडघ्याची नाही." मग, जरा हळू, पण बॅजर हिलवर हळू बोलण्याला काही अर्थ नसतो: "खाली खोपटात बसून सगळ्यांचे हातमोजे सांभाळणारा म्हातारा व्हायचं नाही मला. बाकी काही नाही."

"मग तू लिफ्ट चालव."

"ती सिग्नेची आहे."

"तिला मागू की."

"ती द्यायची नाही. हट्टी आहे ती. आता हेच बघ, इंजिन कधीचं चालू आहे, मला इथे ऐकू येतंय, आणि ही बया बटण दाबत नाहीये."

खाली साठ माणसांनी एकदम सिग्नेकडे पाहिलं.

"सिग्ने!" वरून गर्जना आली. "अगं ए! लिफ्ट चालू कर! माझं बूड गोठलं!"

सिग्नेने बटण दाबलं. तेवढ्यात दोन थेंब बटणावर पडले होते, ते तिने बाहीने पुसले. विजेच्या वस्तूवर पाणी बरं नव्हे.

दोघं वर उतरले आणि गुलाबी पट्ट्यावरून निघाले. हार्लन पुढे, जुन्या पद्धतीने, गुडघे जोडून, दोन पायांत रुमाल धरल्यासारखा. टेट मागे, मोठ्या डोंगरांवर शिकलेला, रुंद वळणं घ्यायची सवय असलेला. पहिल्याच वळणाला पट्टा संपून तो गवतात गेला आणि उताणा पडला. उठला तेव्हा पाठीवर बर्फापेक्षा यंत्राचाच माल जास्त होता.

"बऱ्यापैकी धुतलेलं म्हणालास!" तो ओरडला.

"बऱ्यापैकीच म्हटलं होतं!" हार्लन खालून ओरडला. "खोटं बोललो का?"

गवतापाशी दोघांनी स्की काढल्या. उतारावर हार्लनने टेटच्या खांद्यावर हात टाकला, गुडघ्यासाठी, आणि दोघं तसेच लंगडत, स्की खणखणवत खाली आले. शेवटच्या बर्फावर पुन्हा स्की चढवल्या आणि सरकत लिफ्टपाशी येऊन थांबले. डोडीने हात वर केला. टाळ्या वाजल्या, एक गाय हंबरली, आणि कोल्ड फोर्कमधला प्रत्येक पास त्या क्षणी तीन राज्यांत जिवंत झाला.

नियमाचं काम झालं होतं. रांग पुढे सरकू लागली. पण बापलेक बाजूला झालेच नाहीत. ते बोलत बोलत पुन्हा खुर्चीच्या वाटेत जाऊन उभे राहिले.

"अहो, आमचा नंबर!" रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"दोन मिनिटं," हार्लन मागे न बघता म्हणाला. "ह्याला अल्टिमाबद्दल काही कळत नाही. मी समजावतोय."

"मला कळत नाही? मी तिथे नोकरी करतो!"

"म्हणूनच कळत नाही!"

खुर्चीने दोघांना उचललं. या खेपेला मधे वीतभरही अंतर नव्हतं, कारण हार्लन टेटच्या छातीवर बोट आपटून बोलत होता आणि टेट ते बोट बाजूला करून उत्तर देत होता. आठ माणसांच्या लिफ्टने रांग कमी होते की डोंगरावरची गर्दी वाढते, हा मुद्दा होता. कोणी ऐकायला तयार नव्हतं. दोघांचेही कान लाल झाले होते.

डोडी पुन्हा केबिनच्या खिडकीशी आली. "थांबवतेस का परत?"

"छे," सिग्ने म्हणाली. खुर्ची सहाव्या खांबावरून पुढे गेली. हार्लनचा आवाज टेकडीभर घुमत होता. तीन वर्षांनी पहिल्यांदा दोघं तोंडावर, नीट, भरपेट भांडत होते.

"चालू दे," ती म्हणाली, आणि राहिलेलं सॅंडविच खाऊ लागली.